प्रकाशाच्या होड्या

शाळेचं नवं विज्ञानदालन बांधून झालं आहे. त्याचं उद्घाटन आणि आमच्या यजमानांचा सत्कार एकाच मांडवात उरकायचं कमिटीने ठरवलं आहे. एका मांडवात दोन कार्यं उरकणं आम्हा चौलच्या वाडीवाल्यांना कोणी शिकवायला नको. त्या निमित्ताने स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यासाठी ‘पत्नीच्या नजरेतून’ अशी दोन पानं मी लिहून द्यावीत असा निरोप आला. निरोप घेऊन आलेला शिक्षक जाता जाता म्हणाला, “अंबिकावहिनी, जरा गोड लिहा हं.” मी त्याच्या चहात एक चमचा साखर जास्त घातली. गोडाचं मला तेवढंच जमलं.

माझे यजमान म्हणजे दत्तात्रेय मास्तर. अख्खं चौल-रेवदंडा त्यांना तात्या म्हणतं, म्हणून मीही इथे तात्याच म्हणते. समोर मी त्यांना ‘अहो’ म्हणते आणि मनात काय म्हणते ते पुढे येईलच. शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवतात, आणि त्यातही प्रकाश. बाकीचे धडे ते आटपतात, पण प्रकाशाच्या धड्याला नवं धोतर नेसून जातात.

देश सुटला त्याच साली तात्याही मुंबईहून सुटून घरी आले. देशाचं पुढे काहीतरी झालं. तात्या बी.एस्सी.ला नापास झाले होते. नापास होणं हे काही पाप नव्हे. माझा भाऊ फायनलला आपटला आणि आज सुखाने वाडी करतो आहे. पण भावाने कधी परीक्षकाला दोष दिला नाही. तात्यांनी मात्र लाँचमधून उतरल्या उतरल्या गोष्ट सांगायला सुरुवात केली. पेपरात म्हणे प्रश्न आला, प्रकाश ही लहर आहे की तो कणांचा बनला आहे? तात्यांनी लिहिलं, दोन्ही. परीक्षक जुन्या वळणाचा, त्याला ते झेपलं नाही आणि त्याने यांना पाडलं.

गाव हळहळलं. देवळात, पारावर, वाण्याच्या दुकानात एकच बोलणं, की केवढा बुद्धिमान पोरगा आणि कसा मारला बघा. त्याच हळहळीवर त्यांना शाळेत नोकरी मिळाली आणि पुढच्या साली मी मिळाले. आमच्या लग्नाला मुंबईच्या खोलीतला त्यांचा सोबती रतन आला होता. तो पंगतीत माझ्या भावाला हसत हसत सांगून गेला, की तात्यांनी तो एक प्रश्न लिहिला होता हे खरं, पण बाकीचा पेपर कोरा ठेवला होता. भावाने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या गळ्यात मंगळसूत्र पडून दोन घटका झाल्या होत्या.

संसारात पडल्यावर कळलं, की ‘दोन्ही’ हे उत्तर प्रकाशापुरतं नव्हतं. माझं आणि सासूबाईंचं एकदा कालवणावरून वाजलं. त्या म्हणाल्या खारट आहे, मी म्हटलं अळणी आहे. वाटी तात्यांच्या पुढे ठेवली. त्यांनी बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “तसं पाहिलं तर दोघींचंही बरोबर आहे.” एकाच वाटीतलं कालवण खारट आणि अळणी! त्यावर पुन्हा मला समजावलं, “प्रकाशही असाच असतो, अंबिका.” त्या दिवशी मी आणि सासूबाई पहिल्यांदा एकमेकींकडे बघून हसलो. त्यांचं माझं पुढे चांगलं जमलं, ते याच माणसाच्या जिवावर.

शेजारच्या वाडीतली एक पोफळ आमच्या कुंपणावर कलली होती आणि तिच्या सुपाऱ्या आमच्याकडे पडायच्या. त्या कोणाच्या, असं विचारायला शेजारी आला. तात्या म्हणाले, दोघांच्याही. मग काय, पहाट झाली की दोन्ही घरची माणसं त्या एका पोफळीखाली धावायची आणि शिव्यागाळी व्हायची. शेवटी सासूबाईंनीच ती तोडून टाकायला लावली. पण लोकांना हे सगळं फार आवडायचं. शास्त्र कसं व्यवहारात आणावं ते तात्यांकडून शिकावं, असं म्हणायचे. कोणाला दुखवायची हिंमत नसलेल्या माणसाला शास्त्राचा आधार मिळाला, की तो गावात शहाणा ठरतो. आमच्याकडे तो तसा ठरला होता.

आता त्यांच्या शिकवण्याविषयी लिहिते. माझी पुतणी नलू त्यांच्याच वर्गात होती, त्यामुळे शाळेत जे घडायचं ते संध्याकाळी भाजी निवडताना मला कळायचं. प्रकाशाचा धडा आला की तात्या मुलांना वाडीत आणत. सुंभाची दोरी पोफळीला बांधत, दुसरं टोक हातात धरून झटका देत आणि दोरीतून लाट गेली की ओरडत, “हा पाहा प्रकाश!” मग धोतराच्या सोग्यातून सुपाऱ्या काढून विहिरीच्या कठड्यावर एकेक फेकत आणि म्हणत, “हाही पाहा प्रकाश!” पोरं टाळ्या वाजवीत. मी त्या सुपाऱ्या नंतर वेचून आणी.

पोरांना त्यातून काय कळायचं ते ऐकण्यासारखं होतं. एकाने लिहिलं, की प्रकाश सापासारखा वरखाली वळत जातो, म्हणून दाराची फट फार बारीक असली तर तो तिच्यात अडकतो. दुसऱ्याने लिहिलं, की संध्याकाळ म्हणजे प्रकाशाची ओहोटी. तात्यांनी त्याला शाबासकी दिली, कारण कल्पना सुंदर होती. एकीने विचारलं, “कंदिलातलं तेल संपतं ते कण उडून जातात म्हणून का?” त्यावर तात्या म्हणाले, “तसंही म्हणता येईल.” त्यांच्या वर्गात सगळंच म्हणता यायचं. चूक म्हणून एखाद्या उत्तरावर फुली मारलेली नलूने कधी पाहिली नाही. पोरं खूष होती, कारण काही न कळताही कळल्याचं समाधान मिळत होतं.

सगळ्यांत मोठा शोध लावला तो शिवदासने. शिवदास हा भाऊंचा मुलगा. भाऊ म्हणजे चौलातले मोठे वाडीवाले आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्या एका शब्दावर तात्यांची नोकरी लागली होती आणि बी.एस्सी. नापास मास्तरची नोकरी टिकली होती तीही त्यांच्याच मर्जीवर. शिवदासने फळ्यावर एक नागमोडी रेघ काढली आणि तिच्यावर ओळीने छोट्या छोट्या होड्या काढल्या. म्हणाला, “सर, लाट म्हणजे लहर आणि होड्या म्हणजे कण. कण लाटेवर बसून येतात. म्हणून प्रकाश दोन्ही!”

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं नलू सांगत होती. इतकी वर्षं ‘दोन्ही’ म्हणत होते, पण दोन्ही म्हणजे नेमकं कसं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. आता चित्र सापडलं. त्याच दिवशी त्यांनी व्याख्या घडवली: ‘प्रकाश म्हणजे लहरींवर आरूढ झालेल्या कणांची अखंड मिरवणूक होय.’ मुलांनी ती पाठ केली. खाडीकाठची पोरं, होड्या काढायला हात बसलेला, कोणी शिडं लावली तर कोणी पुढच्या टोकाला, नाळीला, रंग दिला. पुढे दरसाल नव्या वर्गाला तेच चित्र, तीच व्याख्या. डोंगरापलीकडच्या शाळेत ही चूक कोणाला सुचली नसती. त्यासाठी रोज समुद्र बघावा लागतो आणि तरी तो न बघण्याची सवय असावी लागते.

शिवदासच्या वर्गात एकच मुलगा असा होता, ज्याने ते चित्र काढलं नाही. भिकू त्याचं नाव. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली केसर माझ्या दारावर मासळी घेऊन यायची, तिचा हा मुलगा. केसर म्हणजे तिखट काम. वाटा लावताना माझ्याशी भांडायची आणि जाताना मूठभर मांदेली जास्त टाकून जायची. पोराचं नाव निघालं की मात्र पाटी खाली ठेवून बसायची.

भिकूने वर्गात हात वर केला आणि म्हणाला, “मास्तर, लाट होरीला पुढं नेत न्हाय.”

तात्यांनी विचारलं, “म्हणजे?”

“लाट होरीला वर उचलते न् खाली सोडते. होरी जागच्या जागीच र्‍हाते. होरीला पुढं नेतो तो वारा, नाय तर पान्याची ओढ. कण जर होरीसारकं लाटंवर बसलं असतील, तर ते सूर्यावरच वर-खाली करीत र्‍हातील. आपल्यापरेंत येनारच न्हायत.”

वर्ग हसला. कोणीतरी म्हणालं, कोळ्याला सगळीकडे होडीच दिसते. वर्गातल्या सगळ्यांच्या वह्या होड्यांनी भरल्या होत्या, पण हे बोलणाऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. भिकू म्हणाला, “मास्तर, वारा नसंल त्या दिवशी, भरती लागायच्या आधी पानी थांबतं तवा धक्क्यावर जा. एक नारळ टाका न् बगा.”

तात्या त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. दोन दिवसांनी संध्याकाळी वारा पडला तेव्हा ओट्यावरचा एक नारळ उचलून निघाले. मी पाठोपाठ निघाले, कारण नारळ माझा होता. रेवदंड्याच्या धक्क्यावर खाडीच्या तोंडाशी पाणी अगदी स्वस्थ होतं, फक्त समुद्राकडून लांब लांब लाटा आत येत होत्या. तात्यांनी नारळ टाकला. लाट आली, नारळ वर गेला. लाट पुढे निघून गेली, नारळ खाली आला. पुन्हा लाट, पुन्हा तेच. होड्या बांधायच्या एका खांबासमोर तो पडला होता आणि आम्ही कंटाळून जाईपर्यंत त्याच खांबासमोर होता. त्याच्याखालून गेलेल्या लाटा पार आतल्या खडकांवर जाऊन फुटत होत्या.

तात्या हळूच म्हणाले, “पोरगं बरोबर आहे, अंबिका. माझं चित्र चूक आहे. साफ चूक.”

त्या संध्याकाळी मला माझा नवरा आवडला. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण असे प्रसंग फार नाहीत. मी विचारलं, “मग उद्या वर्गात सांगाल ना?” ते म्हणाले, “सांगणार तर! सांगायलाच हवं.” परत येताना रस्ताभर ते बोलत होते आणि मी ऐकत होते. नारळ गेल्याचंही मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नलूची वाट बघत बसले. तिने सांगितलं, होड्या फळ्यावर तशाच आहेत आणि काका काही बोलले नाहीत. मी तात्यांना विचारलं तर म्हणाले, परीक्षा तोंडावर आली आहे, आत्ता पोरांचा गोंधळ कशाला करायचा? आणि चित्र शिवदासचं, भाऊंना काय वाटेल? परीक्षा झाल्यावर बघू. मी मनात म्हटलं, आपला नारळ फुकट गेला.

परीक्षा झाली. भिकू आणि शिवदास दोघेही मॅट्रिक पास झाले, आणि तिथून खाटेची गोष्ट सुरू झाली. चौल-रेवदंड्याच्या लोकांचं एक विद्यार्थी मंडळ आहे. गिरगावात एका चाळीत मंडळाची खोली आहे आणि त्या खोलीत शिकणाऱ्या मुलांसाठी खाटा आहेत. त्या साली एकच खाट रिकामी होणार होती. ती ज्याला मिळेल त्याची मुंबईत राहायची सोय, बाकीच्यांनी आपापलं बघावं. शिवदासचा मामा दादरला राहत होता, तिथे त्याच्यासाठी वेगळी खोलीसुद्धा होती. पण मामाकडे शिस्त फार, म्हणून त्याला खाट हवी होती. भिकूचं मुंबईत कोणी नव्हतं.

केसर मला म्हणाली, “वयनी, पोराचा बाप म्हनतो, खाट गावली तर जाऊ दे मुंबईला. न्हाय गावली तर नारली पुनवेला होरीवर. दुसरी बात न्हाय.” मग म्हणाली, “मास्तर सांगतील ना खरं काय ते?”

“सांगतील,” मी म्हटलं. मी धक्क्यावर माझ्या कानांनी ऐकलं होतं.

मंडळाचे अध्यक्षही भाऊच. पण लोकांत बरं दिसावं म्हणून त्यांनी ठरवलं, की मुलांनी सगळ्यांसमोर एका विषयावर बोलावं आणि तात्यांनी निकाल द्यावा. विषयही तात्यांनीच द्यायचा. त्यांनी दिला, ‘प्रकाश म्हणजे काय?’ दुसरा विषय त्यांच्यापाशी होताच कुठे?

शाळेच्या मोठ्या वर्गात सभा भरली. आम्ही बायका एका बाजूला चटईवर बसलो होतो. केसर दाराशी उभी होती, नवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, पाटी नाही. पाटीशिवाय ती मला अनोळखीच वाटली. शिवदास पहिला उठला. रंगीत खडूंनी त्याने लाट काढली, होड्या काढल्या आणि खड्या आवाजात म्हणाला, “प्रकाश म्हणजे लहरींवर आरूढ झालेल्या कणांची अखंड मिरवणूक होय.” मग त्याने प्रकाश हे ज्ञानाचं, स्वातंत्र्याचं आणि मंडळाच्या अध्यक्षांचं प्रतीक कसं आहे ते सांगितलं. टाळ्या पडल्या. भाऊंनी मिशीवरून हात फिरवला.

भिकू उठला. तो फळ्यापाशी गेला आणि त्याने फडक्याने होड्या पुसून टाकल्या. वर्गात कुजबूज झाली. तो सुरुवातीला पुस्तकी बोलायला गेला, अडखळला आणि मग आपल्या बोलीवर आला.

“हे चित्र चूक हाय. लाट होरीला पुढं नेत न्हाय, हे कोलीवाड्यातलं शेंबडं पोरबी सांगंल. मास्तरांनी आमाला दोन परयोग सांगितले. प्रकाश दोन बारीक चिरांतून सोडला, की पलीकडं उजेड-काळोखाचं पट्टे पडतात. ते लाटंचं लक्षन. तोच प्रकाश धातूवर टाकला, की दान्यासारकी ठोकर देतो. ते कनांचं लक्षन. आपन जसं इचारू तसं तो सांगतो. पन त्यात लाटंवर बसलेली होरी कुटंच न्हाय. ती आपन घातली, आपल्याला बरं वाटावं म्हनून.”

भाऊंनी विचारलं, “मग प्रकाश आहे तरी काय?”

“ते मला ठाऊक न्हाय. तेच शिकायला मुंबईला जायचं हाय.”

लोक खो खो हसले. मागून कोणीतरी ओरडलं, “ठाऊक नाही म्हणतो आणि खाट मागतो!” त्या हसणाऱ्यांतला एकही माणूस सूर्य आणि कंदील यांच्यापलीकडे प्रकाशाविषयी काही सांगू शकला नसता. पण ठाऊक नसणं वेगळं आणि तसं बोलून दाखवणं वेगळं. आमच्याकडे बोलून दाखवणाऱ्यालाच अडाणी म्हणतात.

आता तात्या उठले. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनीही एकदा माझ्याकडे बघितलं आणि मला खात्री आहे, त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे तो नारळ होता. मग त्यांनी भाऊंकडे बघितलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

“तसं पाहिलं तर,” तात्या म्हणाले, “दोघांचंही बरोबर आहे.”

पुढे ते बरंच बोलले. शिवदासने प्रकाशाचं रूप सांगितलं, भिकूने शंका सांगितली, रूप आणि शंका या दोन्ही हव्यात, प्रकाशाचा स्वभावच असा. मला नीटसं आठवत नाही, कारण माझे कान तापले होते. भाऊ उठून म्हणाले, “दोघंही बरोबर असतील तर मंडळाला बाकीच्या गोष्टी बघाव्या लागतील.” बाकीच्या गोष्टी म्हणजे कोण कोणाचा मुलगा, हे दाराशी उभ्या असलेल्या केसरलासुद्धा कळलं. खाट शिवदासला मिळाली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी सभा संपायच्या आधी उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसर आणि भिकू दारात आले. तात्या ओट्यावर चहा पीत होते. केसर पायरीखालीच उभी राहिली. भिकू पुढे झाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

“मास्तर, खाटंचं ऱ्हाऊ दे. एकच इचारायला आलोय. तुमी धक्क्यावर गेलावता, नारळ टाकलावता, ते आमच्या लोकांनी बगितलंय. मला फकस्त सांगा, ते होरीचं चित्र बरोबर का चूक?”

ओट्यावर भाऊ नव्हते, कमिटी नव्हती. मी होते, केसर होती आणि तो मुलगा. खरं बोलायला याहून सोपी जागा मिळाली नसती. तात्यांनी बशी खाली ठेवली.

“तसं पाहिलं तर, भिकू,” ते म्हणाले, “एका अर्थाने बरोबर आणि एका अर्थाने…”

भिकूने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. “मास्तर, प्रकाशसुदा असा न्हाय. त्याला इचारलं की तो एका येळी एकच सांगतो.”

तो वळून चालू लागला. केसर जरा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. ‘सांगतील’ असं मीच तिला म्हटलं होतं, ते तिला आठवत असणार. मग तीही गेली. चहा गार झाला होता. तात्यांनी तो ऊन करून मागितला. मी दिला नाही.

नारळी पुनवेला भिकू होडीवर चढला. आज तो तांडेल आहे, स्वतःची माणसं घेऊन समुद्रात जातो. लोक म्हणतात, बरंच झालं, कोळ्याचं पोर समुद्रातच शोभतं. हे म्हणणाऱ्यांची पोरं शोभतात तिथे न ठेवता त्यांनी मुंबईला का पाठवली, ते कोणी सांगत नाही. शिवदासने गिरगावच्या त्या खाटेवर चांगली झोप काढली, इंटरला दोनदा आपटला आणि टेरेलीनचा शर्ट घालून परत आला. आता तो कमिटीचा सेक्रेटरी आहे. ही स्मरणिकाही तोच काढतो आहे. नव्या विज्ञानदालनाच्या भिंतीवर त्याने तैलरंगात चित्र काढून घेतलं आहे: निळी लाट, तिच्यावर पांढऱ्या होड्या, खाली ती मिरवणुकीची व्याख्या आणि त्याखाली आमच्या यजमानांचं नाव. फडक्याने ते आता पुसलं जाणार नाही. दरसाल नवी पोरं त्याच्यासमोर बसतील आणि पाठ करतील.

केसर अजूनही आमच्या आळीत येते. त्या सकाळपासून तिने माझ्या दारात पाटी उतरवली नाही.

तर ‘पत्नीच्या नजरेतून’ तात्या कसे, असं कमिटीने विचारलं आहे. गोड लिहायचं तर लिहिता येईल, की तसं पाहिलं तर ते विद्वानही आहेत आणि नम्रही आहेत. पण मला एकदाच विचारलं आहे, म्हणून एकच सांगते. माझा नवरा भित्रा आहे. तो अडाणी असता तर मी त्याला क्षमा केली असती. त्याला खरं काय ते कळलं होतं, माझ्यासमोर कळलं होतं, आणि तरी त्याने एका मुलाचं शिक्षण आपल्या नोकरीखाली दाबलं.

इथवर लिहून झाल्यावर आज सकाळी मी हे तात्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, पाठीमागे बोलले असं नको. ते झोपाळ्यावर बसून ऐकत होते. नारळाचा भाग आला तेव्हा त्यांनी झोपाळा थांबवला. शेवटपर्यंत मान वर केली नाही. मला वाटलं, चिडतील, कागद फाडतील. मला ते चाललं असतं. पण ते हळूच म्हणाले, “बरोबर आहे, अंबिका. लिहिलंयस ते बरोबर आहे.”

धक्क्यावरच्या त्या संध्याकाळनंतर इतक्या वर्षांनी हे दुसरं सरळ उत्तर. मी कागद खाली ठेवला. म्हटलं, “मग सत्काराच्या दिवशी मांडवात उभे राहाल तेव्हा एवढं तरी सांगा, की भिंतीवरचं ते चित्र चूक आहे आणि ते भिकूने सांगितलं होतं. बाकी काही नको.”

तात्यांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. परत घातला.

“तसं पाहिलं तर…” ते म्हणाले.

बाहेर केसरची हाक आली, “म्हावरं घ्या, म्हावरं!” मी सवयीने भांडं घेऊन दारापर्यंत गेले. ती शेजारच्या पायरीवर पाटी उतरवत होती.